प्रश्न तुमचे, उत्तरं माझी : दोषी कमिट आणि परत मिळालेलं काम

गेल्या वेळी या सदरात विचारलं होतं, की गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, वापरताना आलेला, अजून डोक्यातून न गेलेला अनुभव कोणता? अनुभव नसेल तर प्रश्न पाठवा, असंही म्हटलं होतं. आलेल्या पत्रांत अनुभव थोडे, घाबरलेले प्रश्न जास्त. त्यातले काही निवडलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, मी नुकतीच नोकरीला लागले आहे. काही बिघडलं की आमचे सिनिअर म्हणतात, "बायसेक्ट कर." ते म्हणजे बायनरी सर्च, दर वेळी यादी निम्मी करत शोधणं, असं कळलं. ते मी परीक्षेपुरतं शिकले होते. रोजच्या कामात त्याचा खरंच उपयोग होतो का? तुम्हाला कधी झाला?

झाला. आणि असा झाला, की बायसेक्टने उत्तर दिलं तेव्हा टीममधल्या एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी तेव्हा हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होते. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं, बऱ्याच हातांतून गेलेलं. एक तक्रार आली : वार्षिक रिपोर्टमध्ये दशांश चिन्हानंतरचे आकडे गायब आहेत. १२.७५ च्या जागी १३ छापलं जातंय. खालची बेरीज मात्र बरोबर. म्हणजे छापलेल्या रकमा कोणी हाताने मिळवल्या की बेरीज जुळणार नाही. हिशोबाच्या सॉफ्टवेअरला याहून लाजिरवाणं दुसरं काय असणार! हा रिपोर्ट वर्षाकाठी एकदाच निघायचा, त्यामुळे बिघाड नेमका केव्हा शिरला हे कोणालाच सांगता येईना. आधीच्या वर्षीच्या रिलीजमध्ये सगळं ठीक होतं, एवढंच पक्कं. मधे हजाराच्या वर कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेले बदल.

रिपोर्टचा कोड उघडला, तर त्याला वर्षभरात कोणी हात लावलेला नव्हता. आकडे छापणारं फंक्शनही जसंच्या तसं. डीबगर, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावणारं साधन, लावला, तर त्या रिपोर्टसाठी दशांश स्थळांची संख्या ० दिसत होती. सेटिंग्जमध्ये पाहिलं तर तिथे व्यवस्थित २. बाकीचे रिपोर्ट २ स्थळं दाखवत होते, हाच एक ० धरून बसला होता. डीबगर 'काय' ते दाखवत होता. 'का' ते त्याच्याकडे नव्हतं.

मग बायसेक्ट. त्याची पद्धत अगदी साधी. 'गिट बायसेक्ट स्टार्ट' म्हणायचं, आत्ताच्या कमिटला 'बॅड' म्हणायचं, जुन्या रिलीजच्या टॅगला, म्हणजे त्या कमिटला दिलेल्या नावाला, 'गुड' म्हणायचं. गिट मधला एक कमिट काढून समोर ठेवतं. तो तपासायचा, गुड की बॅड ते सांगायचं, की उरलेल्यातली निम्मी यादी बाद. हजार कमिट असतील तर साधारण १० तपासण्यांत उत्तर येतं, दोन हजार असतील तर ११ मध्ये. यादी दुप्पट झाली तरी तपासणी एकच वाढते. लिनक्स कर्नलच्या एकेका रिलीजमध्ये दहा हजारांच्या वर बदल असतात, तिथेही चौदाएक पायऱ्यांत माणूस पोचतो. परीक्षेसाठी पाठ केलेलं ते लॉगॅरिदम इथे कामाला येतं.

दर वेळी हाताने बिल्ड करून, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवून, रिपोर्ट काढायचा कंटाळा होता, म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. बिल्ड करायचं, थोड्याशा चाचणी-डेटावर रिपोर्ट काढायचा, त्यात '१२.७५' आहे का बघायचं. सापडलं तर ० परत करायचा, म्हणजे गुड, नाही तर १, म्हणजे बॅड. ती 'गिट बायसेक्ट रन'ला दिली आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

परत येऊन बघते, तर गिटने पहिला दोषी कमिट म्हणून दाखवला होता तो असा : 'बिल्डमधल्या फाइलींची यादी अकारविल्हे लावली. वागणुकीत बदल नाही.'

सगळे हसले. एकाने ठामपणे सांगितलं, की माझी स्क्रिप्टच चुकीची आहे. शंका रास्त होती. त्या कमिटमध्ये कोडची एकही ओळ बदललेली नव्हती, फक्त मेकफाइलमधली, म्हणजे बिल्ड कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलीतली, फाइलींची नावं इंग्रजी वर्णक्रमाने लावली होती. म्हणून तो कमिट आणि त्याच्या लगेच आधीचा, दोन्ही सगळ्यांसमोर हाताने बिल्ड केले. आधीचा १२.७५ छापतो. हा १३ छापतो. हसणं थांबलं.

कारण सापडलं ते सी प्लस प्लसच्या एका जुन्या खोडीत. प्रोग्रॅमचं मेन फंक्शन सुरू होण्याआधी सगळे ग्लोबल ऑब्जेक्ट तयार होतात. एकाच फाइलीतले असतील तर त्यांचा क्रम भाषेने ठरवून दिलेला आहे. वेगवेगळ्या फाइलींत असतील तर मात्र कोण आधी, कोण नंतर, याची भाषा हमी देत नाही. आमच्याकडे तो क्रम लिंकरला, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणाऱ्या साधनाला, फाइली ज्या क्रमाने दिल्या त्यावरून ठरत होता. एका फाइलीत सेटिंग्जचा ग्लोबल ऑब्जेक्ट, दुसरीत वार्षिक रिपोर्टच्या फॉरमॅटचा तक्ता. तो तक्ता तयार होतानाच सेटिंग्जमधून दशांश स्थळं उचलून स्वतःकडे ठेवायचा. कित्येक वर्षं सेटिंग्जची फाइल यादीत योगायोगाने वर होती, म्हणून सगळं सुरळीत चालत होतं. अकारविल्हे लावल्यावर फॉरमॅटचा 'एफ' वर गेला, सेटिंग्जचा 'एस' खाली आला. आता तक्ता आधी तयार होतो आणि अजून न भरलेल्या सेटिंग्जमध्ये डोकावतो. ग्लोबल ऑब्जेक्टची मेमरी सुरुवातीला शून्याने भरलेली असते, त्यामुळे तिथे त्याला ० सापडतो. क्रॅश नाही, एरर नाही, नुसता एक सभ्य शून्य. बाकीचे रिपोर्ट छापायच्या वेळी सेटिंग्ज विचारत, म्हणून ते बचावले. उपाय काही ओळींचा होता : सेटिंग्जचा ऑब्जेक्ट फंक्शनच्या आत स्टॅटिक ठेवायचा, म्हणजे पहिल्यांदा कोणी मागेल तेव्हाच तो तयार होतो.

हा बग विचार करून सापडला असता का? असता कदाचित, पण मेकफाइलवर संशय घ्यायला आमच्यातलं कोणी कधी धजावलं असतं असं मला वाटत नाही. माणूस जिथे संशय आहे तिथे खणतो. बायसेक्टला संशयच नसतो, आणि हाच त्याचा गुण.

आणखी एक गोष्ट मला तेव्हापासून सांगावीशी वाटते. ज्याने ती यादी लावली त्याच्यावर त्या दिवशी बरीच चेष्टा झाली, पण बग सापडला तोही त्याच्याचमुळे. त्याने त्या कमिटमध्ये फक्त यादी लावली होती. जाता जाता चार फंक्शनांची नावं बदलली असती, दोन फाइली इकडच्या तिकडे केल्या असत्या, तर बायसेक्टने आमच्या हातात एक मोठा ढीग ठेवला असता आणि त्या ढिगात यादीकडे शेवटी लक्ष गेलं असतं. तुमच्या सिनिअरना बायसेक्ट इतकं आवडत असेल तर ते छोट्या कमिटसाठीही तुमच्या मागे लागत असतील. दोन्ही एकच आहे.

थोडं व्यवहाराचं. मधला एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर त्याला गुडही म्हणू नका, बॅडही नाही, 'स्किप' म्हणा. स्क्रिप्टमधून तेच सांगायचं तर १२५ हा एक्झिट कोड परत करायचा. बग कधी येतो, कधी येत नाही, अशा जातीचा असेल तर प्रत्येक पायरीवर चाचणी अनेकदा चालवा. एकदा चुकून 'गुड' म्हटलंत की पुढचा सगळा शोध चुकीच्या अर्ध्यात जातो, आणि गिट तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं नाव देतं. शेवटी 'बायसेक्ट रीसेट' करायला विसरू नका. नाही तर कुठल्या तरी जुन्या कमिटवर उभं राहून नवं काम सुरू कराल आणि मला पुढच्या प्रश्नासारखं पत्र लिहाल.

प्रश्न : हार्ड रीसेट केलं. दोन दिवसांचं काम उडालं. मित्र म्हणतो गिटमधून काहीच जात नाही, पण माझं तर गेलंय. कोण खरं?

दोघंही, अर्धे अर्धे. काम कमिट केलं होतं का, यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून तिन्ही शक्यता सांगते.

कमिट केलं असेल, तर ते तिथेच आहे. ब्रँच म्हणजे एका कमिटकडे दाखवणारं नुसतं नाव. रीसेटने ते नाव दुसरीकडे हलतं, हार्ड रीसेटने कमिट न केलेले बदलही पुसले जातात, पण कमिट जागचा हलत नाही. 'गिट रीफ्लॉग' म्हणा. हेड, म्हणजे तुम्ही आत्ता ज्या कमिटवर उभे आहात ती खूण, कुठून कुठे गेला याची पूर्ण नोंद येईल, सगळ्यात ताजी वर. रीसेटच्या आधीची ओळ शोधा, त्या कमिटवर नवी ब्रँच काढा, झालं. कुठल्याच ब्रँचवर न उरलेल्या कमिटच्या या नोंदी मुद्दाम काही बदललं नसेल तर ३० दिवस टिकतात, बाकीच्या ९० दिवस.

कमिट केलं नव्हतं पण 'गिट ॲड' केलं होतं, म्हणजे पुढच्या कमिटसाठी फाइली निवडून ठेवल्या होत्या, तर आशा आहे. ॲड करतानाच गिट फाइलीतला मजकूर स्वतःच्या भांडारात लिहून ठेवतं. 'गिट एफएससीके' ला 'लॉस्ट-फाउंड' हा पर्याय देऊन चालवा. निराधार झालेला मजकूर डॉट-गिट फोल्डरमधल्या 'लॉस्ट-फाउंड'मध्ये येऊन पडतो. फाइलींची नावं मिळणार नाहीत, ती एकेक उघडून ओळखावी लागतात. हे लवकर करा. असा मजकूर दोनेक आठवड्यांनी साफसफाईत जाऊ शकतो.

दोन्ही केलं नव्हतं, तर गिटकडे तुमचं काम कधी आलंच नव्हतं. ते परत मागायचं ते एडिटरकडे. बऱ्याच एडिटरमध्ये स्वतःचा स्थानिक इतिहास असतो, तो आधी उघडा.

माझ्या लक्षात राहिलेला प्रसंग मधल्या जातीचा नाही, पहिल्या जातीचा आहे, आणि त्याचा शेवट मी पोचण्याआधीच लागला होता. आमच्याकडे एका मुलाचा रीबेस, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या कमिटवर नव्याने रचणं, मधेच अडकला. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकमेकांशी न जुळणारे बदल, सोडवता सोडवता गोंधळ वाढला, त्याने ॲबॉर्टच्या ऐवजी भलतंच काही केलं आणि शेवटी ब्रँचच उडवली. इथपर्यंत काहीही बिघडलं नव्हतं. रीफ्लॉगमध्ये सगळं होतं. पण घाबरलेला माणूस काय करतो? 'स्वच्छ सुरुवात' करतो. त्याने अख्खं फोल्डर डिलीट केलं, रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) सर्व्हरवरून नव्याने क्लोन केली, म्हणजे तिची प्रत उतरवून घेतली, आणि मग मला हाक मारली. रीफ्लॉग ही त्या संगणकावरची खासगी नोंद असते. ती पुश होत नाही, म्हणजे कमिटबरोबर सर्व्हरवर जात नाही, क्लोनबरोबर येत नाही. नव्या क्लोनच्या रीफ्लॉगमध्ये एकच ओळ होती : क्लोन केलं. फोल्डर संगणकाच्या रीसायकल बिनमध्ये सापडलं म्हणून तो वाचला. ते श्रेय गिटचं नव्हे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी कमांड शिकवण्याआधी एवढंच सांगते, की गोंधळ झाला तर हात कीबोर्डवरून काढ आणि फोल्डरला हात लावू नकोस. लोकांचं काम चुकीच्या कमांडने जातं त्यापेक्षा ती निस्तरण्याच्या घाईत जास्त जातं.

प्रश्न : मर्ज की रीबेस?

या एका ओळीच्या प्रश्नावर टीममधली माणसं एकमेकांशी बोलायची थांबलेली मी पाहिली आहेत. मर्ज दोन ब्रँच आहेत तशा जोडतं, रीबेस कमिट नव्याने रचतं. ब्रँच तुमच्या एकट्याची असेल तर हवं तेवढं रीबेस करा. दुसऱ्या कोणी ती उचलली असेल तर मर्ज. बाकी टीमची जी रीत असेल ती.

प्रश्न : 'गिट ब्लेम' चालवलं की प्रत्येक ओळीवर एकाच माणसाचं नाव येतं. त्याने म्हणे एकदा सगळा कोड फॉरमॅट केला होता. मग या कमांडचा उपयोग काय? आणि कमांडचं नावही जरा भांडखोर नाही का?

नावाचं सोडा. कुठली ओळ शेवटी कोणी बदलली, ते ही कमांड दाखवते. उपयोगाचं सांगते.

ब्लेमला डॅश-डब्ल्यू दिलं तर नुसत्या स्पेसचे बदल ते सोडून देतं. फॉरमॅटरने ओळी तोडल्या-जोडल्या असतील तर तेवढ्याने भागत नाही. त्यासाठी २.२३ या आवृत्तीत, म्हणजे २०१९ मध्ये, एक चांगली सोय आली : दुर्लक्ष करायच्या कमिटची यादी एका फाइलीत ठेवायची आणि ती ब्लेमला द्यायची. 'ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल' हे सेटिंग शोधा. तुमच्या त्या फॉरमॅटवाल्या कमिटचा क्रमांक तिथे टाकलात, की त्याच्या मागची खरी नावं वर येतील.

मला मात्र ब्लेमपेक्षा 'गिट लॉग'चं डॅश-एस (कॅपिटल एस) जास्त आवडतं. त्याला एखादा शब्द द्या. तो शब्द ज्या ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला, म्हणजे त्याची संख्या बदलली, तेवढे कमिट ते दाखवतं. त्यामागे एक गोष्ट आहे.

एका सॉफ्टवेअरमध्ये सीरियल पोर्टवरून एका मापन-यंत्राशी बोलणारा भाग होता. पोर्ट उघडल्यावर तिथे कोड २ सेकंद नुसता थांबायचा. का, ते कुठे लिहिलेलं नाही. प्रत्येक नव्या माणसाला ती ओळ खुपायची. स्क्रीन उघडायला वेळ लागतो अशी तक्रार आली की कोणी तरी ती काढायचं, त्याच्या टेबलावर सगळं नीट चालायचं, आणि काही दिवसांनी कुठून तरी पहिलं वाचन चुकल्याची तक्रार यायची. मग कोणी तरी ओळ परत टाकायचं, तेही कारण न लिहिता. ब्लेममध्ये अर्थातच शेवटी परत टाकणाऱ्याचं नाव.

डॅश-एसला त्या थांबण्याच्या ओळीतलं कॉन्स्टंटचं नाव दिलं. ओळ आली, गेली, आली, गेली, अशी सगळी येरझार खाली उतरत गेली, आणि तळाशी पहिला कमिट. लिहिणारा माणूस केव्हाच निवृत्त झालेला. मेसेज मात्र पानभर. त्यात सांगितलं होतं, की पोर्ट उघडला की डीटीआर ही लाइन बदलते आणि तेवढ्याने या यंत्राच्या काही मॉडेलमधला बोर्ड रीस्टार्ट होतो. तो जागा होईपर्यंत पाठवलेले बाइट तो गिळून टाकतो. दीड सेकंद ठेवून पाहिलं, जुन्या बोर्डांना ते पुरत नाही. नव्या मॉडेलमध्ये हा त्रास नाही, त्यामुळे ऑफिसातल्या यंत्रावर ही अडचण दिसणार नाही. हे शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीत मागे टेकले. आमच्या सगळ्यांच्या टेबलांवर नवं मॉडेलच होतं.

तुम्ही म्हणाल, हे ओळीच्या वर कॉमेंटमध्ये लिहायला हवं होतं. बरोबर आहे, आम्ही ते त्याच दिवशी लिहिलं. पण कॉमेंटचं आयुष्य मी पाहिलेलं आहे. ओळ हलते, कॉमेंट मागे राहते. कोड बदलतो, कॉमेंट जुनंच सांगत बसते. कोणी तरी 'अनावश्यक' म्हणून पुसतं. आमच्याही ओळीवर सुरुवातीला कॉमेंट होती, एका साफसफाईत गेली होती, हे त्याच लॉगमध्ये दिसलं. मेसेज मात्र त्या बदलाला कायमचा चिकटलेला असतो. त्यामुळे 'बग फिक्स' एवढाच मेसेज लिहिणाऱ्या माणसाबद्दल माझं मत फार चांगलं होत नाही, हे इथे छापून टाकायला हरकत नाही.

प्रश्न : मी निवृत्त प्रोग्रॅमर आहे. आमच्या वेळी फोल्डरला तारीख घालून कॉपी ठेवायचो. गिट येण्याआधी तुम्ही काय वापरत होता? आणि गिटच एवढं का पसरलं?

नमस्कार. तारखेच्या फोल्डरांची परंपरा अजून जिवंत आहे, काळजी नसावी.

आवृत्त्या सांभाळणारी साधनं मात्र तुमच्याही काळात होती. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस लिहिलं. वॉल्टर टिची यांचं आरसीएस १९८२ चं. त्यावर उभं राहिलं सीव्हीएस, आणि सीव्हीएसची दुखणी बरी करायला २००० मध्ये सबव्हर्जनचं काम सुरू झालं. मी शिकले ते सीव्हीएसवर.

सीव्हीएसमध्ये प्रत्येक फाइलीचा इतिहास वेगळा असायचा. वीस फाइलींचा एक बदल कमिट करताना दहाव्या फाइलीला नेटवर्क तुटलं, तर सर्व्हरवर दहा नव्या आणि दहा जुन्या. अशा अर्धवट अवस्थेत दुसऱ्या कोणी कोड घेतला की त्याचं बिल्ड मोडायचं आणि तो आपलंच काही चुकलं म्हणून दिवसभर शोधत बसायचा. मी शोधलेलं आहे. फाइलीचं नाव बदलायचं तर जुनी काढून नवी घालायची, आणि इतिहासाची नाळ तिथेच तुटायची. काढलेल्या फाइली सर्व्हरवर 'ॲटिक' नावाच्या फोल्डरात जाऊन बसायच्या, तेवढं नाव मला आवडायचं. हल्ली कोणी गिटला शिव्या घालू लागलं की मला सीव्हीएस आठवतं आणि मी गप्प राहते.

गिट जन्मलं घाईत. लिनक्स कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर या व्यावसायिक साधनावर चालत होतं. ते मोफत वापरण्याची सवलत २००५ मध्ये संपली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या सुरुवातीला नवं साधन लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला. तो पहिला कमिट आजही बघता येतो. त्याच्या मेसेजमध्ये गिटला 'नरकातला माहिती-व्यवस्थापक' म्हटलंय. जूनमध्ये कर्नलचं २.६.१२ हे रिलीज गिटवरून निघालं. जुलैपासून गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. पाया एका माणसाने काही दिवसांत घातला हे सगळे सांगतात, पण आपण वापरतो ते गिट घडलं हमानो आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या कामातून. ते कमी सांगितलं जातं.

पसरलं का, याची कारणं लोक बरीच देतात. मला जाणवलेलं असं : संपूर्ण इतिहास माझ्याच संगणकावर असल्याने लॉग, डिफ, ब्रँच हे सगळं क्षणात व्हायला लागलं. सीव्हीएसमध्ये जुना इतिहास विचारायचा म्हणजे सर्व्हरच्या नाकदुऱ्या काढायच्या, त्यामुळे आम्ही तो विचारतच नसू. वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, यादीची आणि २ सेकंदांची, सीव्हीएसवर घडल्या असत्या तर तिथेच सोडून दिल्या असत्या.

प्रश्न : चुकून डेटाबेसचा पासवर्ड कमिट होऊन पुश झाला. इतिहासातून कसा पुसू?

आधी पासवर्ड बदला. आत्ता, हे वाचायचं थांबवून. इतिहास 'गिट फिल्टर-रेपो'ने पुसता येतो, पण मधल्या काळात कोणी क्लोन केलं असेल त्याच्याकडे तो राहणारच. बदललेला पासवर्ड इतिहासात पडून राहिला तरी कोणाचं काही बिघडत नाही.

प्रश्न : फोर्स पुशने एकदा सहकाऱ्याचे कमिट उडाले तेव्हापासून आमच्या टीममध्ये त्यावर बंदी आहे. पण रीबेस केल्यावर माझी स्वतःची ब्रँच पुश करायला दुसरा मार्ग काय?

फोर्स पुश म्हणजे सर्व्हरवरची ब्रँच पुसून तिथे आपली ठेवणं. मुख्य ब्रँचवर बंदी योग्यच, आणि ती तोंडी न ठेवता सर्व्हरवरच लावा. तुमच्या ब्रँचसाठी नुसता 'फोर्स' न वापरता 'फोर्स-विथ-लीज' वापरा. तुम्ही शेवटचं पाहिलं तेव्हा सर्व्हरवर जे होतं, तेच अजून असेल तर पुश होतो. मधे कोणी भर घातली असेल तर गिट नकार देतं.

याला एक फट आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. पुष्कळ एडिटर मागच्या मागे आपणहून फेच करत असतात, म्हणजे सर्व्हरवरचे नवे कमिट उतरवून घेत असतात. फेच झालं की गिटच्या हिशोबी तुम्ही सहकाऱ्याचे नवे कमिट 'पाहिलेले' असतात, मग भले तुम्ही स्क्रीनकडे बघितलंही नसेल. लीज खूश, आणि कमिट उडाले. त्यासाठी २.३० पासून 'फोर्स-इफ-इन्क्लुड्स' हा जोडीचा पर्याय आहे. सर्व्हरवरून आलेलं खरंच तुमच्या ब्रँचमध्ये कधी तरी सामावलं होतं का, हे तो तुमच्या रीफ्लॉगमधून तपासतो. दोन्ही एकत्र द्या. एवढं लांब रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर त्याचा एक एलिअस, म्हणजे छोटं टोपणनाव, करून ठेवा. आणि उडालेले ते कमिट त्या सहकाऱ्याच्या संगणकावर रीफ्लॉगमध्ये अजून असतील. घटना महिन्याभरातली असेल तर आजच बघायला सांगा.